धागा: १४८९ सीसी अँबेसेडरचा कार्ब काढून फ्युएल इंजेक्शन, नागपूरच्या उन्हाळ्यासाठी

मार्क४_मानेवाडा
नमस्कार मंडळी. गाडी १९८४ ची मार्क ४, पेट्रोल, मूळ १४८९ सीसी इंजिन, सोलेक्स कार्ब, इंजिनावरचा मेकॅनिकल पंप, डेल्कोत (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये) पॉइंट-कंडेन्सर. डायनेमो जाऊन अल्टरनेटर मागेच बसला आहे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, टॅपेट सेट आहेत, कार्बच्या थ्रॉटल शाफ्टला नवे बुश घातले आहेत, फ्लोटची निडल नवी आहे. इंजिन धड आहे हे आधी सांगतो, म्हणजे चर्चा तिथे अडकणार नाही.

त्रास दोन. एप्रिल ते जून बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) काम उरकून पार्किंगमधून गाडी काढायची म्हटली की गरम इंजिन सेल्फला दाद देत नाही. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला तर चालत्या गाडीचा दम सुटतो. दुसरं म्हणजे पंपांवर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून पिकअपला खड्डा पडतो, हायवेला गाडी मिसिंग मारते, आणि चोक जरा ओढला की सुधारते.

मला जास्तीची ताकद नको आहे. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रामटेकला जाऊन यावं, पावसाळ्यात चिखलदऱ्याचा घाट चढावा, आणि गाडी मे महिन्यातही जानेवारीसारखीच चालावी, एवढंच हवं. मॅनिफोल्ड कापायचा नाही, हेडला भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला कार्ब परत लावावासा वाटला तर एका दुपारी लागला पाहिजे. थ्रॉटल बॉडीत (कार्बच्या जागी बसणाऱ्या हवेच्या झडपेत) इंजेक्शन करावं की पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या वाटेत)? ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) कुठला? टाकीला काय करावं लागेल? आणि आरटीओचं काय?

सोलेक्सकाका
भाऊ, इंजेक्शनचं मग पाहू. आधी गाडी कशानं बंद पडून राहिली ते ओळखजो. गरमीत दोन वेगळे रोग असतात अन् लोकं दोघांनाही व्हेपर लॉक म्हणतात.

चालता चालता ट्रॅफिकमंदी दम सुटला, कार्बची वाटी उघडली अन् ती कोरडी निघाली, तर पंपात नाही तर पंपाच्या अलीकडच्या पायपात पेट्रोलची वाफ झाली. तो खरा व्हेपर लॉक. मेकॅनिकल पंप टाकीकडून पेट्रोल ओढतो, ओढताना दाब कमी होते, अन् कमी दाबात पेट्रोल लवकर उकळते. पंप तर गरम ब्लॉकलाच चिपकून बसला हाये.

अन् गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी राहून मग सेल्फ घेत नसंल, पेट्रोलचा वास येत असंल, प्लग ओले निघत असतील, तर वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमंदी सांडलं. ते ओव्हरफ्लो झालं. तिथं ओला कपडा पंपावर टाकून काहीच होत नाही, कारण पंपाचा दोषच नाही. एक्सिलेटर पूर्ण दाबून धरायचा अन् सेल्फ मारायचा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल हवेसंगं निघून जाते.

या इंजिनात कार्ब अन् सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला हायेत, कार्ब वरती अन् लालबुंद लोखंड खालती. हा जन्माचाच दोष हाये. कार्बखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर, मधात ॲल्युमिनियमची शील्ड, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, अन् कार्बच्या तोंडापासून टाकीकडं परत जाणारी बारीक लाइन. एवढं करजो. उद्या इंजेक्शन केलं तरी यातली शील्ड अन् परतीची लाइन कामी पडतेच, पैसा वाया जात नाही.

मार्क४_मानेवाडा
काका, दोन्ही रोग आहेत. सिग्नलला वाटी कोरडी मिळते, पार्किंगनंतर प्लग ओले. स्पेसर आणि शील्ड लावून झाली, सकाळी फरक जाणवतो, दुपारी दोनला नाही.

पुणेरी_पिस्टन
ई-२० बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धा त्रास तिथे आहे.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. शुद्ध इथेनॉलला ९ पट, कारण त्याच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे त्याच हवेला आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन हवं. कार्बला हे कळायचा मार्गच नाही. भोक तेवढंच, म्हणून मिश्रण तेवढंच पातळ. चोक ओढल्यावर गाडी सुधारते यातच तुमचं निदान झालं.

कार्बवर राहायचं असेल तर मेन जेट वाढवा. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: १२५ म्हणजे १.२५ मिमी. क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायला व्यास चार टक्के वाढवावा लागतो, म्हणजे १२५ च्या जागी १३०. पायलट जेटही त्याच प्रमाणात. जेट ड्रिलने मोठा करू नका. भोकाचा आकार आणि कडा बिघडतात, मग आकड्याला अर्थ उरत नाही.

हे करून खड्डा जाईल. गरमीचा त्रास जाणार नाही.

सर्किटवाली_धरमपेठ
इंजेक्शनच्या बाजूने नागपूरपेक्षा चांगलं गाव शोधून सापडणार नाही, का ते आकड्यांत सांगते.

इथे डिसेंबरात सकाळी हवा ९-१० अंशांवर असते, मेमध्ये दुपारी ४६ च्या पुढे जाते. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे २८३ भागिले ३१९. तेवढ्याच आकाराच्या घोटात उन्हाळ्यात ११ टक्के कमी ऑक्सिजन. बॉनेटखालची हवा ओढली तर आणखी कमी. वर चिखलदरा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या थोडं वर. तिथे हवेचा दाब इथल्यापेक्षा नऊ टक्क्यांच्या आसपास कमी. कार्ब यातलं थोडंफार सांभाळतो, पण पूर्ण नाही. म्हणून एकच जेट डिसेंबरात इथे पातळ आणि जुलैत घाटमाथ्यावर जाड पडतो.

ईसीयूची स्पीड-डेन्सिटी पद्धत हेच गणित दर फेरीला करते. मॅनिफोल्डमधला दाब मॅप सेन्सर सांगतो, हवेचं तापमान दुसरा सेन्सर, आरपीएम क्रँकवरून मिळतात. त्यावरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते ठरतं आणि तेवढ्याच मिलिसेकंदांसाठी इंजेक्टर उघडतो. लॅम्डा सेन्सर सायलेन्सरमध्ये बसून उरलेली चूक सांगतो: लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल अगदी बरोबर, १ च्या वर पातळ, खाली जाड. इथेनॉल वीस टक्के असो की पंपावर कमीजास्त निघो, लॅम्डा १ म्हणजे १. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एएफआरचा (हवा-इंधनाच्या वजनी प्रमाणाचा) आकडा बघू नका, लॅम्डा बघा. १४.७ डोक्यात धरून ई-२० ट्यून करणारे हमखास गोंधळतात.

ईसीयू म्हणाल तर स्पीडुइनो. आर्डुइनो मेगा या बाजारात मिळणाऱ्या तयार बोर्डावर चालणारा, पूर्ण खुला प्रकल्प आहे. सर्किट सगळ्यांसमोर आहे, एखादा ट्रान्झिस्टर गेला तर आपला आपण बदलता येतो. मेगास्क्वर्टही चांगला, पण महाग पडतो. अमेरिकन तयार किट येतात ती बहुतेक चार बॅरलच्या कार्बच्या जागी, व्ही-८ साठी. ५० अश्वशक्तीच्या इंजिनाला त्यांचे इंजेक्टर इतके मोठे पडतात की स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) ते नीट नियंत्रणातच राहत नाहीत.

अंबाझरी_राइडर
थ्रॉटल बॉडी कशाला? मारुतीसारखे चार इंजेक्टर चार पोर्टात लावले तर जास्त चांगलं होईल ना?

हिंगणा_लेथ
या हेडला चार इनलेट पोर्ट नाहीतच, भाऊ. दोनच आहेत. इथेच खरी मेख आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

अँबेसेडरचं हे इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी-सिरीज. हेड पाच पोर्टचं. इनलेट दोन, एक्झॉस्ट तीन. १ आणि २ नंबरचे सिलिंडर एकाच इनलेट पोर्टातून पितात, ३ आणि ४ दुसऱ्यातून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ती गोल फिरवून बघा: २ च्या लगेच मागे १ येतो, ३ च्या लगेच मागे ४. म्हणजे प्रत्येक पोर्टात दोन घोट लागोपाठ, १८० अंशांच्या अंतराने, आणि मग पुढच्या घोटापर्यंत ५४० अंशांचं अंतर. आतला सिलिंडर आधी पितो, त्याचा व्हॉल्व्ह मिटायच्या आत बाहेरचा प्यायला लागतो आणि त्याच्या तोंडचं ओढून घेतो.

कार्बला याचा फारसा त्रास नाही, कारण पेट्रोल आधीच हवेत मिसळून आलेलं असतं. पोर्टात इंजेक्टर लावला की मात्र नेमक्या कुठल्या क्षणी शिंपडलं यावर पेट्रोल कुणाच्या वाट्याला गेलं ते ठरतं. वेळ चुकली तर आतले दोन जाड, बाहेरचे दोन पातळ, नाही तर उलट. आणि सायलेन्सरमधला एकच लॅम्डा सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो, म्हणजे स्क्रीनवर सगळं उत्तम दिसतं आणि एक पिस्टन आत जळत असतो.

हे जमवता येतं. मिनीचं ए-सिरीज इंजिनही याच घराण्यातलं आणि पाच पोर्टचंच. रोव्हरने १९९१ मध्ये त्याला इंजेक्शन दिलं ते आधी एकाच इंजेक्टरचं, थ्रॉटल बॉडीत. दोन इंजेक्टरचं, पोर्टात शिंपडणारं रूप १९९६ मध्ये आलं. त्याला क्रँकसोबत कॅमची जागाही कळावी लागते आणि शिंपडण्याची वेळ फार काटेकोर पाळावी लागते. एका अख्ख्या कारखान्याने आधी सिंगल पॉइंटच निवडलं, तर आपण घरच्या गाडीत दुसरीकडून सुरुवात करायचं कारण मला दिसत नाही.

तेव्हा कार्बच्या फ्लँजवर १२ मिमी ॲल्युमिनियमची अडॅप्टर प्लेट, त्यावर ३८-४० मिमी बोअरची थ्रॉटल बॉडी, तिच्यात दोन इंजेक्टर. मॅनिफोल्डला हात लावायचा नाही. कार्बची पॅकिंग आणून द्या, तिच्यावरून प्लेटचं ड्रॉइंग मी काढतो.

पुणेरी_पिस्टन
इंजेक्टरचा हिशेब मांडून ठेवतो. ताकद ५० अश्वशक्ती धरू. अशी इंजिनं पूर्ण जोरात प्रति अश्वशक्ती ताशी अर्धा पाउंड पेट्रोल पितात. झाले २५ पाउंड, म्हणजे मिनिटाला २६० सीसीच्या आसपास. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २६० भागिले ०.८, सुमारे ३३०. दोन इंजेक्टरांत वाटलं की प्रत्येकी १६५. ई-२० साठी थोडी भर घालून १८० सीसीचे घ्या. आकडा ३ बार दाबाचा आहे ना हे विचारूनच घ्या. आणि जुने कबाडीतले असतील तर फ्लो बेंचवर दोन्ही सारखे शिंपडतात का ते तपासून घ्या.

एक बारीक गोष्ट, जी चुकली की ट्यूनिंग कधीच बसत नाही. इंजेक्टर थ्रॉटलच्या पाकळीच्या वर शिंपडत असेल तर प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी मोकळ्या हवेत ठेवायची. पाकळीच्या खाली, मॅनिफोल्डच्या बाजूला शिंपडत असेल तरच ती मॅनिफोल्डला जोडायची. इंजेक्टरच्या दोन टोकांतला दाबाचा फरक कायम राहिला पाहिजे, एवढंच त्यामागचं तत्त्व.

हिंगणा_लेथ
आपल्या रचनेत इंजेक्टर वरच राहतील. म्हणजे नळी मोकळी.

सोलेक्सकाका
मले एक सांगा. कार्ब रस्त्यात बिघडला तर मी पान्यानं अन् फुंकर मारून गाडी घरी आणतो. उद्या कोंढाळीच्या पुढं ईसीयू बसला, तर भाऊ काय करंल?

सर्किटवाली_धरमपेठ
काका, प्रश्न रास्त आहे. रस्त्यात ईसीयू क्वचित मरतो. मरतात ते क्रँक सेन्सर, पंपाचा रिले, कनेक्टरमधली सैल पिन आणि पंप. पहिल्या दोन वस्तू आणि चार फ्यूज डिक्कीत ठेवायचे. रिले दोन्ही सारखेच घ्यायचे, म्हणजे हॉर्नचा काढून पंपाला लावता येतो. ईसीयू बॉनेटखाली ठेवायचाच नाही. इथल्या उन्हात तिथली हवा इलेक्ट्रॉनिक्सला सोसणारी नसते. डॅशबोर्डखाली, पायाकडच्या बाजूला लावा.

वायरिंगचं आता सांगून टाकते. पॉइंटचं इग्निशन आणि प्लगला जाणाऱ्या तांब्याच्या एचटी वायरी म्हणजे ईसीयूच्या शेजारी चालणारं रेडिओ स्टेशन. रेझिस्टन्सवाल्या एचटी वायरी आणि रेझिस्टर प्लग आधी लावा. क्रँक पुलीवर ३६ दात वजा एक अशी चकती, समोर सेन्सर, दोघांत एक मिमीच्या आत अंतर. चकती लेथवर पुलीसकट फिरवून घ्या, डगमग राहिली तर हाय आरपीएमला सिग्नल तुटतो. सेन्सरची वायर शील्डवाली, शील्ड ईसीयूच्या टोकालाच अर्थ करायची, दोन्हीकडे नाही.

ईसीयूचा आणि सगळ्या सेन्सरांचा अर्थ एकाच बिंदूवर, इंजिन ब्लॉकवर. बॉडीच्या पत्र्यावर भरवसा नको, चाळीस वर्षांचा गंज आणि रंग मधे असतो. आणि हा धागा वाचून कुणी साठच्या दशकातली गाडी हाती घेणार असेल तर त्याने आधी बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे ते बघावं. ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा. तशीच वायर जोडली तर ईसीयू पहिल्याच चावीला जातो.

डायनेमोवर हे करू नका. स्लोवर डायनेमो जवळजवळ काही देत नाही, आणि पंप, इंजेक्टर, लॅम्डाचा हीटर हे सगळं स्लोवरही चालूच असतं. तुमच्याकडे अल्टरनेटर आहे, ते काम आधीच झालं.

हिंगणा_लेथ
टाकीबद्दल. लोक ईसीयूवर महिनाभर बोलतात आणि पेट्रोलच्या पायपावर दोन मिनिटं. उलट व्हायला पाहिजे.

कार्बला पाव बारच्या आसपास दाब पुरतो. इंजेक्शनला ३ बार लागतो, म्हणजे बारापट. जुन्या रबरी नळीतून कार्बचं पेट्रोल पाझरलं तर वास येतो. ३ बारवर तीच नळी फुटली तर फवारा उडतो, आणि खाली काय आहे ते काकांनी वर लिहिलंच आहे. म्हणून इंजेक्शनसाठीची, इथेनॉल सोसणारी नळीच. तिच्यावर जे-३० आर-९ छापलेलं असतं, आर-७ कार्बसाठीची. क्लिपाही गोल दाबणाऱ्या, पट्टीला खाचा असलेल्या साध्या नकोत, त्या नळी कापतात. टाकी ते बॉनेट हा लांबचा पल्ला स्टीलच्या पायपातून न्या, रबर फक्त दोन्ही टोकांना हातभर.

टाकी उतरवून आतून धुवा. इथेनॉल जुन्या टाकीतला डिंक आणि गंज सोडवतो आणि सगळा पंपाकडे पाठवतो. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. उलटं लावलं तर पंप पेट्रोल ओढण्याऐवजी स्वतःच गुदमरतो.

या टाकीत आडव्या भिंती पुरेशा नाहीत. पेट्रोल पाव टाकीवर आलं की वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बची वाटी तो एक सेकंद भरून काढायची, इंजेक्शनकडे वाटी नसते. म्हणून एक लिटरभराचा सर्ज टँक. कमी दाबाचा पंप टाकीतून त्यात भरतो, मोठ्या दाबाचा पंप त्यातून ओढतो, रेग्युलेटरची परतीची लाइन त्यातच येते आणि जास्तीचं वरून टाकीत जातं. चिखलदऱ्याच्या वळणांवर जायचं आहे ना, मग हे टाळू नका. पण सर्ज टँक बॉनेटखाली ठेवू नका, मागे डिक्कीच्या खाली, वारा लागेल तिथे.

आणि पंप ईसीयूच्या हुकमावरच चालला पाहिजे. चावी दिल्यावर दोन सेकंद, मग इंजिन फिरत असेल तरच. शिवाय धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच. अपघात झाला, इंजिन थांबलं आणि पंप मात्र ३ बारने पेट्रोल ओतत राहिला, असं कधीही होता कामा नये. दोन किलोचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी.

सोलेक्सकाका
हे पटलं. इंजिनावरच्या जुन्या पंपाचं भोक जाड पट्टीनं अन् पॅकिंगनं बंद करजो, पंप तसाच कोरडा फिरत ठेवू नको. अन् पंप, कार्ब, त्याची लिंकेज, चोकची केबल, सगळं तेल लावून एका डब्यात ठेव. नट-बोल्टसकट.

सिव्हिललाइन्स_वकील
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. तुमच्या बदलात इंजिन नंबर, क्षमता, इंधनाचा प्रकार यातलं काहीच बदलत नाही, ही जमेची बाजू. तरीही काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी अर्ज द्या, कामाचं वर्णन जोडा आणि पोच घ्या. पुढच्या वेळी फिटनेससाठी गाडी नेली की बॉनेट उघडलं जाईलच. विमा कंपनीलाही लेखी कळवा. आगीचा दावा आला तर सर्वेअर पहिल्यांदा इंधनाची लाइन बघतो.

मात्र दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. तुमची गाडी २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. व्हिंटेज नोंदणीची इच्छा असेल तर मूळ भाग एकही हरवू नका. काकांचा डबा हा या अर्थाने कागदपत्रांइतकाच महत्त्वाचा आहे.

अंबाझरी_राइडर
एवढ्या खटाटोपापेक्षा इसुझूचं १८०० इंजिन टाका. पाच गिअर मिळतील, तेही कंपनीचंच.

मार्क४_मानेवाडा
इंजिन नंबर बदलतो, पाठोपाठ कागद बदलतात. आणि माझ्या वडिलांनी ज्या इंजिनावर गाडी चालवली तेच मला चालवायचं आहे. त्याचा आवाज घरातल्या सगळ्यांना ओळखू येतो. इंजिन तेच राहील.

मार्क४_मानेवाडा
अपडेट. पावसाळा संपल्यावर काम सुरू केलं, आता एप्रिल उजाडला, म्हणून खरा अनुभव लिहिता येतो.

प्लेट आणि थ्रॉटल बॉडी हिंगण्याला बनली, फार सुबक झाली. टाकी धुतली तेव्हा निघालेला गाळ पाहून काकांना फोटो पाठवला होता. इग्निशन सध्या डेल्कोवरच ठेवलं आहे, ईसीयू फक्त पेट्रोल सांभाळतो. आधी एक गोष्ट स्थिर व्हावी, मग दुसरी.

खड्डा गेला. व्हरायटी चौकात ४३ अंशांना एसीविना मीच उकळलो, गाडी नाही. लॅम्डा स्लोवर ०.९५, हायवेला १, पूर्ण दाबल्यावर ०.८७ धरला आहे. पीयूसीला २००० च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. कार्बवर ही गाडी कसाबसा काठ गाठायची, आता एक टक्क्याच्याही आत येते.

एकच गोष्ट अजून अडते. पार्किंगमध्ये अर्धा तास उभी करून पुन्हा सुरू केली की सेल्फ लगेच घेते, पण पहिला मिनिटभर स्लो डगमगतो, लॅम्डा १.२ पर्यंत पातळ दाखवतो. मग आपोआप ठीक. ताई, लॉग ईमेल केला आहे.

सर्किटवाली_धरमपेठ
लॉग पाहिला. हवेच्या तापमानाचा सेन्सर तुम्ही थ्रॉटल बॉडीच्या धातूतच बसवला आहे. गाडी उभी असताना खालच्या मॅनिफोल्डची धग वर येते आणि सेन्सर ८२ अंश सांगतो. ईसीयूला वाटतं हवा फार विरळ आहे, म्हणून तो पेट्रोल कमी करतो. प्रत्यक्षात इंजिन बाहेरची ४३ अंशांची हवा पीत असतं. दोन आकड्यांतला फरकच ११ टक्क्यांचा होतो, डगमग त्यातूनच येते. चालू लागल्यावर हवेच्या झोताने सेन्सर गार होतो आणि गणित जुळतं.

सेन्सर तिथून काढा आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या नळीत बसवा. तोवर सॉफ्टवेअरमध्ये ६० अंशांच्या वर हवेच्या तापमानाची दुरुस्ती सपाट करून ठेवा.

थोडा दोष इंजेक्टरमध्ये साठलेल्या गरम पेट्रोलचाही असेल. ३ बार दाब असेपर्यंत ते उकळत नाही, पण बंद गाडीत दाब उतरतो आणि आत बुडबुडे राहतात. गरम असताना चावी दिल्यावर पंप दोनऐवजी पाच सेकंद चालवा. परतीच्या लाइनमधून ते गरम पेट्रोल निघून जाईल आणि मागून टाकीतलं गार येईल.

सोलेक्सकाका
शील्डले सायलेन्सरच्या बाजूनं अजून एक पत्रा लाव, मधात बोटभर जागा सोडून. हवा खेळली पायजे. पण मॅनिफोल्डच्या खालची ऊब पूर्ण बंद नको करू, पेट्रोल आता थ्रॉटलपासून वाफाळत जाते, थंडीत त्याले ती ऊब लागते.

मार्क४_मानेवाडा
सेन्सर फिल्टरच्या नळीत हलवला, प्राइम (चावी दिल्यावर पंप चालायची वेळ) पाच सेकंद केला, दुसरा पत्रा लागला. काल दुपारी बर्डीहून निघताना डगमग नव्हती. लॅम्डा सुरुवातीला १.०३, मग जागेवर. रामटेक नवतपात करेनच. मग डेल्को सोडून इग्निशनही ईसीयूकडे द्यायचं आहे. सध्या प्रश्न हिवाळ्याचा. चोक उरला नाही, मग ९ अंशांच्या सकाळसाठी ईसीयूतलं पेट्रोलचं टेबल आत्ता उन्हाळ्यात कसं भरू?

सर्किटवाली_धरमपेठ
आत्ता अंदाजाने भरा, खरं डिसेंबरातच ठरेल. वॉर्मअपच्या टेबलात इंजिन ८० अंशांवर असताना पेट्रोल १०० टक्के, ४० ला ११५ च्या आसपास, १० ला १४० धरून सुरुवात करा. थ्रॉटल बॉडीच्या इंजेक्शनला पोर्टपेक्षा जास्तच लागतं, कारण थंड मॅनिफोल्डच्या भिंती पेट्रोल पितात. एक्सिलेटर झटकन दाबल्यावरची जोडही थंडीत वाढवावी लागेल. थंडीत रात्रभर उघड्यावर ठेवलेली गाडी पहाटे सुरू करा, सुरुवातीपासून गरम होईपर्यंतचा अखंड लॉग घ्या, मधे काही बदलू नका. अशा दोन-तीन सकाळींचे लॉग मला पाठवा, टेबल मी भरून देते. तोवर इनर्शिया स्विच बसवला आहे की नाही ते सांगा, तुमच्या फोटोत तो दिसला नाही.

मार्क४_मानेवाडा
बसवला आहे ताई, पॅसेंजरच्या बाजूला किक पॅनलमागे. फोटो आज टाकतो.